भारतातील पहिले माहितीपटकार कोण होते आणि त्यांची कारकीर्द कशी घडली?

हा मान हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचा आहे. लोक त्यांना सावेदादा म्हणत. मी फोंड्याला राहतो आणि गेली काही वर्षे गोव्यातील जत्रा, दशावतारी काले व शिगमोत्सव यांचे चित्रण करतो, त्यामुळे या माणसाविषयी मला विशेष आस्था आहे.

१८६८ साली जन्मलेले सावेदादा मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करत. १८९६ साली ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे खेळ मुंबईत झाल्यावर या नव्या कलेने त्यांना ओढून घेतले आणि त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली; ती फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून ‘सीनियर रँग्लर’ झालेले र. पु. परांजपे १९०१ साली मायदेशी परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. १९०३ साली लॉर्ड कर्झनचा दिल्ली दरबार त्यांनी चित्रित केला. पुढे त्यांनी चित्रण सोडले आणि ते मुंबईतील गेटी थिएटरच्या व्यवस्थापनात रमले.

त्यांना ‘दिग्दर्शक’ म्हणावे का, असा प्रश्न काही जण विचारतात, कारण फीत जेमतेम काही मिनिटांची असे आणि घडणारी घटना त्यांच्या हातात नसे. मला हा आक्षेप मान्य नाही. गोव्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. ते टिपायचे तर कॅमेरा कुठे उभा करायचा हे संध्याकाळीच ठरवावे लागते, कारण एकदा गर्दी दाटली की जागा बदलता येत नाही आणि धोंडांना पुन्हा चालून दाखवा असे कोणी सांगू शकत नाही. माहितीपटातले दिग्दर्शन पुष्कळसे याच निर्णयात असते. राज्यकर्त्यांच्या सोहळ्याआधी एका कुस्तीसमोर आणि परतलेल्या एका गणितज्ञासमोर कॅमेरा उभा करणे, हाही सावेदादांचा निर्णयच होता. आपल्याकडे चित्रपटाचा इतिहास बहुधा १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून सांगितला जातो आणि त्याआधीची ही चौदा वर्षे एखाद्या वाक्यात उरकली जातात, याचे मला वाईट वाटते.

सावेदादा १९५८ साली वारले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. त्या काळच्या नायट्रेट फिती चटकन पेट घेत आणि काळाबरोबर विरघळत जात. सावेदादांचे काम आज पाहायला मिळत नाही. मला ती कुस्तीची फीत फार पाहावीशी वाटते. कोण जिंकले हे तर पाहायचेच आहे, पण त्याहून अधिक पाहायची आहेत ती आखाड्याभोवती उभी असलेली माणसे, कारण त्यांतील कित्येकांनी कॅमेरा त्या दिवशी प्रथमच पाहिला असेल.