‘घेत नाहीत’ म्हणजे ‘घेऊ नये’ कसे?

प्रश्न असा आहे: ‘डाव्या हाताने प्रसाद घेत नाहीत’ या वाक्यातले क्रियापद साध्या वर्तमानकाळाचे आहे, मग त्यातून ‘घेऊ नये’ हा अर्थ कसा निघतो, आणि नुसती वस्तुस्थिती सांगून कर्तव्य सिद्ध करता येते असे त्यावरून म्हणावे काय?

शालेय व्याकरणाच्या परिभाषेत या वाक्यातले रूप स्वार्थी, म्हणजे नुसता काळ सांगणारे, आहे आणि आशय विध्यर्थी, म्हणजे काय करावे ते सांगणारा. आरतीनंतर एखादे पोर डावा हात पुढे करते, आजी त्याचा उजवा हात धरून पुढे आणते आणि म्हणते, ‘डाव्या हाताने घेत नाहीत, बाळा.’ वाक्य निव्वळ वर्णन असते, तर त्या पोराच्या पुढे आलेल्या हातानेच ते खोटे पडायला हवे होते. पण आजीला ते मागे घ्यावेसे वाटत नाही, आणि शेजारचे लोक डाव्या हाताने घेतात असे सांगितले, तरी ‘घेतात ते चुकतात’ हेच तिचे उत्तर असेल. याउलट ‘आमच्याकडे ऊस लावत नाहीत’ असे म्हणणाऱ्याला उसाचा एक फड दाखवला की आपले म्हणणे सुधारावे लागते. आजीच्या वाक्यात कर्ता घालून पाहावा: ‘या गावातले लोक डाव्या हाताने प्रसाद घेत नाहीत’ असे म्हटले की उपदेश विरतो आणि नोंद उरते. म्हणजे विधीचा भार त्या न उच्चारलेल्या कर्त्यावर आहे. तिथे ‘रीत जाणणारे, आपल्यातले लोक’ गृहीत असतात, आणि पोराने त्यांच्यासारखे वागावे ही अपेक्षा शब्दांत नसली तरी त्याला पोचते.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे उत्तर म्हणूनच ‘नाही’ असे आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७४० मध्ये नेमकी हीच तक्रार मांडली होती: नीतीवर लिहिणारे ‘आहे’, ‘नाही’ अशी विधाने करत करत अचानक ‘पाहिजे’वर येतात आणि हा नवा संबंध कुठून आला ते सांगत नाहीत. मराठी रूप हा सांधा झाकते, इतकेच.

खुद्द ‘पाहिजे’ या शब्दात मात्र तो सांधा दिसतो. ‘पाहणे’ या धातूचे हे जुने कर्मणी रूप आहे. ‘कीजे’, ‘दीजे’, ‘म्हणिजे’ यांच्या पंक्तीतले. जे पाहिले जाते, शोधले जाते, ते हवे असते, आणि हवेपणातून पुढे कर्तव्याचा अर्थ आला. ‘त्याला चहा पाहिजे’ यात हवेपणा कोणाचा ते ‘त्याला’ या शब्दाने कळते. ‘त्याने गेले पाहिजे’ यात जाणारा कळतो, पण त्याचे जाणे कोणाला हवे आहे, कशासाठी हवे आहे, याचा वाक्यात पत्ता नसतो. नैतिक वादात मला हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण समर्थन मागायचे ते तिथे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९६४ मध्ये दाखवण्याचा प्रयत्न केला, की एखाद्याने वचन दिले या वस्तुस्थितीतूनच ते पाळण्याचे कर्तव्य निघते. आपल्या घरातले उदाहरण घ्यायचे तर ‘शेजारून वाटीभर साखर उसनी आणली’ हे घडलेल्या गोष्टीचे साधे विधान आहे, आणि ‘ती परत केली पाहिजे’ हे त्यातून सरळ निघते. परत करायचीच नसेल तर तिला उसनी म्हणताच येणार नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याने सिद्ध होते ते एवढेच, की काही वस्तुस्थिती आपण कर्तव्यासकट सांगतो. देण्याघेण्याची रीत ‘उसनी’ या शब्दात आधीच मान्य करून ठेवलेली असते आणि ती मान्य का करावी, हा प्रश्न तसाच राहतो. तो शब्द काढून ‘वाटीभर साखर या घरातून त्या घरात गेली’ एवढेच सांगितले, तर ती भेट होती, विकत घेतली होती की चोरली होती, हेही ठरत नाही. मग परत करण्याचे काय ठरणार?