बाळाचा हात उचलत नाही, केस होते का?

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमची मंडळी खासगी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी, वजन ४ किलो १०० ग्रॅम. डोकं बाहेर आलं अन् खांदा अटकला. माझी सासू आत होती. ती म्हणते, सिस्टरनं पोटावर वरून जोर दिला अन् डॉक्टरनं मान धरून ओढलं. बिल २८ हजार भरलं, पावती आहे. पोरगी आता पाच महिन्यांची झाली, पण उजवा हात लोंबते, कोपर वाकत नाही. डॉक्टर म्हणून राहिले, वर्षभरात आपोआप सुटते. गावातले म्हणतात पोलिसात द्या. एक जण निरोप घेऊन आला होता, पन्नास हजार घ्या अन् कागदावर सही करा. ऑपरेशनच्या फॉर्मवर तर माझी सही आधीच घेतली आहे. केस होते का?

उत्तर : भाऊ, केसला अजून वेळ आहे, हाताला नाही. मानेतून हातात जाणाऱ्या नसांना ताण बसला की हात असा लोंबतो. बहुतेक बाळांचा हात काही महिन्यांत सुधारतो, त्यामुळे डॉक्टर बोलले ते अगदीच खोटं नाही. पण तीन महिने उलटूनही कोपर वाकत नसेल तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवायलाच हवं. जितका उशीर, तितका त्या शस्त्रक्रियेचा उपयोग कमी. वर्षभर थांबू नका. या आठवड्यात यवतमाळच्या सरकारी मेडिकलला जा, तिथून नागपूरची चिठ्ठी मागा. आशाताईंना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाबद्दल विचारा, ते अंगणवाडीत येतं. शिवाय सर्जन जे लिहून देतील, तोच उद्या तुमचा पुरावा.

आता केस. हात लुळा पडला एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. खांदा अडकणं दर वेळी आधी ओळखता येत नाही, आणि सगळं नीट करूनही नस दुखावू शकते. प्रश्न असतो, अडकल्यावर काय केलं. बाईचे गुडघे पोटाकडे दुमडून घ्यायचे, ओटीपोटाच्या हाडाच्या लगेच वर दाब द्यायचा, ही रीत. गर्भाशयाच्या वरच्या टोकावर जोर दिला तर खांदा आणखीच रुततो. म्हणून सासूबाईंनी ‘पोटावर वरून’ म्हणजे नेमकं कुठे पाहिलं, हे आजच त्यांच्याकडून लिहून घ्या, अंगठा चालेल. नंतर माणूस आठवणीत भर घालतो, उलटतपासणीत तेच अंगाशी येतं.

गरोदरपणात साखर तपासली होती का, तेही पाहा. माता-बाल कार्डावर नोंद असेल. साखर असलेल्या आईचं बाळ मोठं होतं आणि त्याचा खांदा अडकायचा धोका जास्त. ती नोंद असून कुणी लक्ष दिलं नसेल, तर तुमची बाजू बरीच जड होते.

दवाखान्याला अर्ज द्या, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. संपूर्ण केसपेपर, नर्सच्या नोंदी, बाळाच्या जन्मावेळच्या नोंदी आणि पार्टोग्राफ मागा. पार्टोग्राफ म्हणजे कळा, बाळाचे ठोके, पिशवीचं तोंड किती उघडलं, हे वेळेनुसार मांडलेला तक्ता. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि ते तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे.

या तक्त्यावर मी एक केस जिंकले. आठ तासांच्या नोंदी, सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताच्या. ड्युटी मात्र दुपारी दोनला बदलली होती आणि दुसरी सिस्टर साक्षीत म्हणाली, मी लिहिलंच नाही. अशीच दुसरी केस हरले. तिथे डॉक्टरांनी मिनिटामिनिटाला लिहिलं होतं, डोकं कधी बाहेर, गुडघे कधी दुमडले, अंग कधी आलं. त्या बाळाचाही हात लुळाच होता. ग्राहक आयोगाने डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला, आणि बरोबर दिला.

तुम्ही पैसे भरलेत म्हणजे ग्राहक आहात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात हे ठरवलं. त्याच न्यायालयाच्या १९९८ च्या निकालाप्रमाणे बाळ आणि आईबाप दोघंही ग्राहक, दोघांनाही भरपाई मागता येते. (सगळ्यांना फुकट सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा रस्ता नाही, तिथे दिवाणी कोर्ट.) तुम्ही यवतमाळच्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात ती सोय दिली आहे. बिल पाच लाखांच्या आत आहे, म्हणून फी शून्य. मुदत दोन वर्षं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बायका आणि मुलांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो.

पोलिसांत जाऊ नका, असं माझं मत. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाने २००५ पासून फौजदारी गुन्ह्याला घोर हलगर्जीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. त्यातून पोरीच्या उपचाराला पैसा मिळत नाही. आणि गावातल्या पोरांना आवरा. दवाखान्याची एक काच फुटली की दवाखान्यांवरचे हल्ले रोखणाऱ्या २०१० च्या कायद्याने तुम्हीच आरोपी.

फॉर्मवरच्या सहीला घाबरू नका. ती उपचाराला संमती होती, हलगर्जीपणाला नव्हे. पन्नास हजारांच्या कागदावर मात्र सही नको, हात कितपत येईल हे सर्जन सांगेपर्यंत तर नकोच. निरोप्याला सांगा, लेखी द्या. बहुधा तो परत येणार नाही.

आमच्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की लोक तो लॅमिनेट करून आणतात. सोनोग्राफीचा कागद तसा करू नका, मशीनच्या उष्णतेने तो काळाकुट्ट होतो. साध्या पिशवीत घालून तिजोरीत ठेवा, आणि आधी त्याचा मोबाईलवर फोटो काढून घ्या.