चौदा वर्षं खेळलो आणि आता बेंचवर?

"मावशी, मी ३७ वर्षांचा. स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली, तेव्हापासून १४ वर्षं ऑफिसच्या टीमकडून बास्केटबॉल खेळतोय, त्यातली ९ वर्षं कॅप्टन. या सीझनला कोचने मला स्टार्टिंग फाइव्हमधून काढलं, तेही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिस्ट टाकून. माझ्या जागी २२ वर्षांचा पोरगा. मला जेमतेम आठ-दहा मिनिटं मिळतात. बेंचवर बसलं की कुठं बघायचं तेच कळत नाही, मग बुटाची लेस सोडतो आणि परत बांधतो. परवा त्या पोराने विचारलं, दादा, डबल टीम आली, दोघं एकदम अंगावर आले, की बॉल कसा काढू? मी म्हटलं, यूट्यूबवर बघ. बायको म्हणते सोडून द्या आता. सोडू का? – लेसवाला"

अरे लेसवाल्या, पहिल्यांदा तुझ्या बाजूने बोलते. नऊ वर्षं कॅप्टन राहिलेल्या माणसाला ग्रुपवर लिस्ट टाकून कळवणं हा निव्वळ आगाऊपणा आहे, पाच मिनिटं बाजूला घेऊन चहा पाजून सांगता आलं असतं की. त्याचा राग आला तर येऊ दे, तो खरा आहे.

पण राग कोचवर आणि काढलास कुणावर, तर त्या पोरावर. तुझ्या अख्ख्या पत्रात मला खुपलं ते हेच, बेंच नाही.

मी पण कॉलेजात खेळलेय, सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतलेत, त्यामुळे पहिल्या पाचात नाव पुकारलं जाणं म्हणजे काय ते मला सांगू नकोस. पण तुझ्यापेक्षा फार मोठ्यांना हे चुकलेलं नाही. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या कार्मेलो अँथनीला २०१७ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या टीममध्ये असताना पत्रकारांनी विचारलं की बेंचवरून खेळशील का, तर तो चक्क हसला होता. पुढच्या सीझनला ह्यूस्टनमध्ये दहा मॅचमध्ये विषय संपला आणि मग वर्षभर कुणी घेईना, एवढा मोठा स्कोअरर घरी बसून! शेवटी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पोर्टलंडने बोलावलं आणि नंतर तोच माणूस गपचूप बेंचवरून उतरायला लागला. अ‍ॅलन आयव्हरसनने तर २००९ मध्ये मेम्फिसला तीन मॅच खेळून टीमच सोडली, बेंच मान्य नाही म्हणून. आणि बॉब मॅकअडू, १९७५ चा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, लागोपाठ तीन वर्षं लीगमध्ये पॉइंटची सगळ्यात जास्त सरासरी त्याची, तो लेकर्स टीमकडे आला तो बेंचवरून खेळायला, आणि १९८२ आणि १९८५ च्या दोन्ही चॅम्पियनशिपमध्ये होता. आधीच्या टीम्सकडून इतके पॉइंट काढून त्याला एकही मिळाली नव्हती, बघ.

आता तू म्हणशील मावशी ते एनबीए, आमचं ऑफिसचं ग्राउंड. बरं, तुझ्या ग्राउंडवरचं बोलू. फुटबॉलसारखं बाहेर गेला की गेला असं आपल्या खेळात नाहीये, कितीही वेळा आत-बाहेर करता येतं. तू पहिला क्वार्टर बसून असतोस तेव्हा समोरच्या टीममध्ये कुणाचे दोन फाउल झालेत, कोण डाव्या हाताने ड्रिबल करताना घाबरतो, हे सगळं फुकटात दिसतं, फक्त नजर बुटावर नको. आणि क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून फ्री थ्रो मिळतात, तेव्हा दोन पॉइंटची मॅच असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कुणाच्या हातात हवा? पाय थरथरणाऱ्या २२ वर्षांच्या पोराच्या, की चौदा वर्षं ती फ्री थ्रोची लाइन तुडवलेल्या माणसाच्या? म्हणून कोचला जाऊन विचारायचंच तर 'मला का काढलं' हे विचारू नकोस, त्याचं उत्तर तुझ्या गुडघ्याला माहितीये. विचार की शेवटच्या पाच मिनिटांत मला आत ठेवणार का आणि कुणाबरोबर. सरळ उत्तर दिलं तर खेळ. टोलवाटोलवी केली तर हा सीझन पूर्ण कर आणि मग ठरव, मधूनच बॅग उचलून निघू नकोस, नोकरी त्याच ऑफिसात आहे तुझी, रोज कँटीनमध्ये तीच तोंडं दिसणार.

बायकोचं म्हणशील तर ती खेळ सोडायला सांगतेय असं मला नाही वाटत. मॅचनंतर तू जे तोंड घेऊन घरी येतोस ना, तिला ते नकोय. लेसचं मला सांगितलंस, तिला सांगितलंयस का?

आणि उद्याच्या प्रॅक्टिसला दहा मिनिटं लवकर जा. त्या पोराला सॉरी म्हण, यूट्यूबबद्दल. मग दोघांना त्याच्या अंगावर सोड आणि दाखव की ड्रिबल मरायच्या, म्हणजे बॉल हातात धरून थांबावं लागायच्या, आधी एक पाऊल मागे कसं यायचं, बॉल डोक्यावर न नेता हनुवटीखाली कसा धरायचा आणि मधल्या माणसाला कसा द्यायचा. व्हिडिओत हे दिसतं रे, पण त्याचा खांदा धरून 'इथं वळ' असं व्हिडिओ म्हणत नाही.

काय झालं ते कळव. कोच काय म्हणाला ते पण.

– मावशी