ग्राहकासमोर साहेबांचं ‘सान’ गाळायचं

जपानी ग्राहकाला फोनवर जपानीत आपल्या साहेबांबद्दल ‘तानाका-सान जागेवर नाहीत’ सांगितलं आणि टीम लीडने फोन उचलायलाच मनाई केली, हे तुमचं वाचलं आणि घोडं कुठे अडलं ते लगेच कळलं.

वाकणं, कार्ड दोन्ही हातांनी घेणं हे ठाऊक असेलच. चूक ‘सान’मध्ये आहे, म्हणजे नावामागे लावायच्या, आपल्या ‘जी’सारख्या मानाच्या शब्दात. मराठीत आदर माणसाला चिकटलेला असतो. ऐकणारा कोणीही असो, आपण ‘साहेब आलेत’ असंच म्हणतो. जपानीत ऐकणारा कोण, यावर ते ठरतं. तो बाहेरचा, म्हणजे ‘सोतो’ असेल, तर तुमचं अख्खं ऑफिस, अगदी मालकसुद्धा, ‘उचि’ म्हणजे घरचे. परक्यासमोर घरच्यांना मान द्यायचा नसतो.

फोनवरचं वाक्य असं: ‘तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु.’ म्हणजे तानाका सध्या जागेवर नाहीत. नुसतं तानाका. शेवटी ‘ओरिमासु’ हे नम्र रूपच, तिथे ‘इराश्शाइमासु’ हे मानाचं रूप आलं की पुन्हा तीच चूक. हुद्दा सांगायचाच तर ‘बुचो नो तानाका’, बुचो म्हणजे विभागप्रमुख. ‘तानाका-बुचो’ नको, कारण नावामागे लागलेला हुद्दा हाच मान असतो. मग ‘मोदोरि शिदाइ, ओरिकाएशि ओदेन्वा इताशिमासु’, म्हणजे आले की फोन करतो. फोन ठेवला की तेच पुन्हा तानाका-सान.

एक अपवाद: फोन तानाकांच्या घरून आला तर ‘सान’ लावायचंच. घरच्यांपुढे तुम्ही परके. हाच नियम नात्यांनाही आहे: आपले वडील बाहेर सांगताना ‘चिचि’, समोरच्याचे ‘ओतोसान’.

‘सगळ्यांना सान लावा, चुकणार नाही’ असं घोकून घेणाऱ्या एका भाषावर्गाची फी मीही भरली आहे आणि त्याचा राग अजून आहे. अशा वर्गांत आदराची रूपं पाठ होतात, पण कोणासमोर कोणतं वापरायचं हे कोणी सांगत नाही. ग्राहकाचा फोन घेणाऱ्याला पहिल्या दिवशी तेच लागतं.

अर्थात, हे जपानी ग्राहक असलेल्या ऑफिसांपुरतं. परदेशी कंपन्यांत बरंच सैल चालतं. आणि जाता जाता, केलेल्या कामाची दाद म्हणून वरिष्ठांना ‘गोकुरोसामा’ म्हणू नका, ते वरच्याने खालच्याला म्हणायचं. ‘ओत्सुकारेसामा देसु’ म्हणा.

टीम लीडकडे माफीवर थांबू नका. वरची दोन वाक्यं कागदावर लिहून ‘हे बरोबर आहे का, एकदा ऐकता का’ असं विचारा. मनाई बहुतेक उठेल.