वडिलांच्या कार्डाखाली तुमची सही

यावल तालुक्यातल्या एका भावाचं पत्र आलंय. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. ऑगस्ट 2022 मध्ये वारले. त्यांच्या क्रेडिट कार्डावर तेव्हा 86 हजार बाकी होते आणि गुरुजींच्या हातून शेवटची रक्कम जून 2022 मध्ये भरली गेली होती. आज साडेतीन वर्षांनी वसुलीवाले 2 लाख 74 हजार मागतात. दरम्यान वडिलांची एकरभर केळीची बागायत वारस नोंदीनं आई आणि मुलाच्या नावावर आली. मुलानं 2024 च्या दिवाळीत 'कटकट नको' म्हणून फोनवरून 2 हजार भरले. आता एजंटानं शंभराच्या स्टँपवर एक हमीपत्र आणून ठेवलंय. सही करू का, असा प्रश्न आहे.

नका करू. बाकीचं सगळं नंतर.

अशी पत्रं मला सतत येतात. भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले, वरणगावच्या आयुध निर्माणीतले, गावोगावचे गुरुजी. पेन्शन खातं दिसलं की बँकेतला पोरगा 'काका, फुकट कार्ड आहे' म्हणून फॉर्म पुढे करतो. काका दरमहा किमान रक्कम भरतात आणि कर्ज फिटतंय असं समजतात. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस होतात, हे घरात कोणी मांडून पाहत नाही. 30 टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवणारा ग्राहक आयोगाचा जुना निकाल होता. तोही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. तेव्हा व्याजावर भांडायची जागा आता फार उरलेली नाही.

तुम्हाला गावातल्या कोणी सांगितलंय की कार्डाचं कर्ज माणसाबरोबर जातं, वारसाला काही लागत नाही. हे अर्धंच खरं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 52 सांगतं की मयताची जी मालमत्ता वारसाच्या हाती आली, तेवढ्यापुरतीच वसुली करता येते. तुमचा पगार, तुमची स्वतःची कमाई त्यात येत नाही. पण सातबाऱ्यावर तुमचं नाव ज्या जमिनीला लागलं ती वडिलांचीच होती ना? एकरभर बागायतीपुढे पावणेतीन लाख काहीच नाहीत. ज्याच्या बापानं मागे काही ठेवलं नाही त्याच्यासाठी कलम 52 भिंत आहे. तुमच्यासाठी नाही.

'बापाचं ऋण फेडणं मुलाचा धर्म आहे' असं एजंट म्हणतो, हेही तुम्ही लिहिलंय. त्याला सांगा, 2005 च्या दुरुस्तीनंतर केलेल्या कर्जासाठी हा धर्म न्यायालयात चालत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 6, पोटकलम 4.

मग तुम्हाला वाचवतं काय? मुदत. अशा पैशांचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. जून 2022 पासून मोजलं तर जून 2025 ला ती संपली. बँक अर्थातच म्हणेल की आम्ही कार्ड रद्द करून पूर्ण रक्कम मागितली त्या दिवसापासून मोजा. त्यावर वाद होईल आणि कागद पाहिल्याशिवाय मी त्याचा निकाल देणार नाही. पण वाद घालायला जागा आहे, आणि ती बँकेनं स्वतःच्या आळसानं तुम्हाला दिलीय. आपल्याकडे वाटणीचा दावा आजोबा लावतो आणि तारखेला नातू जातो. त्या संथपणावर मी एरवी चरफडतो. इथे दावाच वेळेत लागलेला दिसत नाही. दिसत नाही म्हणतोय, कारण तुम्ही तपासलेलं नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वडिलांच्या आणि तुमच्या नावानं शोधा. फक्त जळगाव-यावल पाहून थांबू नका. कार्डाच्या करारात बहुतेकदा मुंबईसारख्या लांबच्या न्यायालयाचं किंवा लवादाचं कलम असतं. वडील गेल्यानंतर त्यांच्याच नावावर दावा लावलेला निघाला तर तो मेलेल्या माणसाविरुद्धचा दावा आहे, टिकत नाही.

आता त्या स्टँपकडे या. करार कायद्याचं कलम 25, पोटकलम 3: मुदत संपलेलं कर्ज फेडण्याचं वचन लेखी दिलं आणि त्याखाली सही केली, तर तो नवा करार होतो. हमीपत्राचा फोटो तुम्ही पाठवलाय. त्यात 'मी व्यक्तिशः जबाबदार राहीन' असं एक वाक्य आहे. एजंट फटफटीवर बसून तुमच्या ओट्यापर्यंत आला तो त्या एका वाक्यासाठी. वडिलांचं मुदतबाह्य कर्ज मुलाच्या वचनानं कितपत जिवंत होतं, यावर मी तुमच्या बाजूनं न्यायालयात बोलू शकेन. पण तो युक्तिवाद करायची वेळ यावीच का? सही झाली की जमिनीपुरती असलेली जबाबदारी तुमच्या अंगावर आणि मुदतीचा मुद्दाही धोक्यात, दोन्ही एका फटक्यात.

दिवाळीतले 2 हजार मात्र मला खटकतात. मुदत संपायच्या आत काही भाग भरला तर तीन वर्षं नव्यानं सुरू होऊ शकतात. मुदत कायद्याचं कलम 19 त्यासाठी भरणाऱ्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची लेखी नोंद मागतं. फोनवरून नुसते पैसे गेले, एवढ्यानं ती अट पुरी होते का, यावर दोन्हीकडून बोलता येईल. म्हणून विचारतो: एजंटाला त्या काळात व्हॉट्सअॅपवर 'केळी गेली की देतो' असं काही लिहिलंय का? लिहिलं असेल तर पुसू नका, वकिलाला दाखवा. आणि यापुढे एक रुपयाही भरू नका, 'फक्त हजार टाका, फाइल थांबवतो' म्हणाला तरी.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक गोष्ट बारीक अक्षरात लिहिलीय. वडील गेल्यावर खतं-औषधाच्या दुकानात त्यांचं कार्ड दोनदा वापरलं, 11 हजार 400 रुपयांचं. भाऊ, याला काय म्हणू? मृत्यूचा दाखला त्याच आठवड्यात बँकेत दिला असता तर कार्डही बंद झालं असतं आणि हा धागाही उरला नसता. ते देणं वडिलांचं नाही, वापरणाऱ्याचं आहे. बँकेनं त्यावरून फसवणुकीची तक्रार केलीच तर फौजदारीला दिवाणीची तीन वर्षं लागू होत नाहीत. एवढीच रक्कम, वडिलांचं कर्ज मान्य न करता, वकिलाच्या पत्रासोबत भरावी का, हे स्टेटमेंट पाहून ठरवा. स्वतःहून भरू नका. नुसतं कर्ज थकलं म्हणून मात्र कोणी गुन्हेगार होत नाही. 'पोलिसांची गाडी येईल' ही धमकी ऐकून सोडून द्या.

आईचं थोडक्यात. वडिलांच्याच कार्ड-खात्यावर त्यांच्या नावाचं जोडकार्ड (ॲड-ऑन) होतं, तरी रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे त्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची. कुटुंब निवृत्तिवेतन वडिलांच्या मालमत्तेत धरत नाहीत, त्याला हात लावता येणार नाही. आईंना मात्र सांगून ठेवा, कुठेही अंगठा नाही, सही नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नसतो. करत असतील तर बँकेला लेखी तक्रार द्या आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

बँकेला एकच पत्र जाऊ द्या, स्पीड पोस्टानं, पोहोचपावतीसह. मृत्यूचा दाखला जोडा, कार्ड बंद करायला सांगा, सुरुवातीपासूनची स्टेटमेंटं आणि मूळ अर्जाची प्रत मागा. दरमहा विम्याचा काही हप्ता कापला जात होता का, तेही विचारा. कार्डधारक वारल्यावर बाकी भरणारा विमा काही कार्डांवर असतो. इतक्या उशिरा दावा मिळेल अशी आशा मी देत नाही, पण विचारायला पैसे लागत नाहीत. पत्रात 'थकबाकी', 'मान्य', 'सवलत द्या' यातला एकही शब्द नको. सवलत मागणं म्हणजे देणं कबूल करणं, असं उद्या बँकेचा वकील म्हणेल.

लोकअदालतीची नोटीस आलीय म्हणता. तो समन्स नाही, न गेल्यानं वॉरंट निघत नाही. दावा दाखल होण्याआधीच्या प्रकरणांत बँका अशा नोटिसा गठ्ठ्यानं काढतात. तिथे तडजोडीवर सही केलीत तर तो न्यायालयाचा हुकूमनामाच, आणि त्यावर अपील नाही. 'अर्ध्यात मिटवतो' म्हणून टेबलाशी बोलावतील आणि माणूस भारावून सही करेल. मुदत गेली असेल तर अर्धे तरी का द्यायचे? जायचंच असेल तर वकिलाला घेऊन जा. परवडत नसेल तर आईंच्या नावानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.