दोन तास आणि पुढची सात वर्षं

प्रश्न : मुलगी पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात शिकायला निघाली आहे. २००७च्या गोळीबारानंतर तिथले अध्यक्ष पदावर राहिले म्हणतात, ते खरं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, खरं आहे. चार्ल्स स्टीगर त्याच विद्यापीठात वास्तुरचना (आर्किटेक्चर) शिकले, तिथेच अधिष्ठाता झाले आणि २००० ते २०१४ अध्यक्ष होते. १६ एप्रिल २००७ला तिथे ३२ जण मारले गेले. त्यात मुंबईची एक विद्यार्थिनी आणि तामिळनाडूचे प्राध्यापक लोगनाथन होते. पहिल्या गोळ्या सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात झाडल्या गेल्या. सर्वांना सूचनेचा ईमेल गेला ९:२६ला. थोड्याच वेळात नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत ३० जीव गेले. राज्याच्या चौकशी समितीने या उशिरावर बोट ठेवलं. काही पालकांनी स्टीगर यांचा राजीनामा मागितला, त्यांनी दिला नाही. मी स्वतः मुलीचा बाप आहे. ते दोन तास मला माफ करता येत नाहीत. पण पुढे सात वर्षं ते त्याच आवारात, त्याच प्रश्नांसमोर उभे राहिले, हेही मी विसरत नाही. नॉरिस हॉलच्या एका भागात आता हिंसा रोखण्याच्या अभ्यासाचं केंद्र आहे. मुलीला पहिल्याच दिवशी विद्यापीठाच्या आपत्कालीन संदेशसेवेत फोन नंबर नोंदवायला सांगा.