पायाची जुनी जखम भरत नाही, मध लावला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंच्या घोट्याच्या आतल्या अंगाला आठ महिन्यांपासून जखम आहे, शुगरही आहे, आणि जांबोटीकडचा अस्सल मध घरात आलाय. तो रोज लावला तर जखम भरेल का, हा तुमचा प्रश्न.

मधानं जखम स्वच्छ व्हायला मदत होते, वास मरतो, हे खरं आहे. पण आठ महिने न भरलेली जखम मधावाचून अडलेली नसते. तिचं कारण दुसरीकडेच असतं. मी बेळगावात बरीच वर्षं ड्रेसिंग रूममध्ये सिस्टर होते. खानापूर, निपाणी, चंदगडकडून येणारी माणसं पाय टेबलावर ठेवता ठेवताच सांगायची, "मध लावलाय की सिस्टर, गावठी हाय एकदम." मी आधी जखम पायावर नेमकी कुठे आहे ते बघायची.

घोट्याच्या आत, थोडी वरच्या बाजूला जखम, भोवतीची कातडी काळपट-तांबूस, संध्याकाळी पाय सुजतो, असं असेल तर बहुतेक ती शिरांची जखम. शिरांच्या झडपा ढिल्या पडतात, रक्त वर चढायचं ते पायातच साचतं. तिच्यावरचा खरा इलाज म्हणजे बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत बांधलेली दाबाची पट्टी, आणि बसताना-झोपताना पाय वर. न्यूझीलंडमध्ये अशा ३६८ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २००८ साली आला. दाबाची पट्टी सगळ्यांनाच होती, एका गटाला तिच्याखाली मधाचं ड्रेसिंग आणि दुसऱ्याला नेहमीचं. १२ आठवड्यांत मधाच्या गटात साधारण ५६ टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटात साधारण ५० टक्के. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं हिशेबात निघालं. शिवाय मधाच्या गटात दुखण्याची तक्रार जास्त होती.

म्हणून उद्याच मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून आवळू नका हं. पायाला रक्त आणणाऱ्या रोहिणीतूनच रक्त कमी येत असेल तर घट्ट पट्टीनं पाय जायची वेळ येते. आधी घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.५ च्या खाली आलं तर दाबाची पट्टी बांधायची नाही. शुगरवाल्यांच्या रोहिण्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे हा आकडा खोटाच चांगला दिसतो. सासूबाईंच्या बाबतीत डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी पायातलं रक्त कसं वाहतंय ते बघायची तपासणी, करून घ्याच.

जखम तळव्याला, अंगठ्यामागच्या गादीखाली असती तर वेगळीच गोष्ट. तिथे शुगरनं पाय बधिर होतो, दुखत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर भार देत चालत राहतो. तो भार काढल्याशिवाय काहीही लावा, भरत नाही. आणि बोटाच्या टोकाला काळी पडत जाणारी, रात्री झोपू न देणारी जखम घेऊन निपाणी भागातले चाळिशीच्या आतले गडी यायचे. खिशात बिडीचं बंडल. त्यांना मध विचारायची सोयच नाही, बिडी सुटली तरच पाय वाचतो.

आता मधाबद्दल. त्यात साधारण ८० टक्के साखर, पाणी अगदी थोडं, म्हणून तो जखमेतलं पाणी ओढतो आणि जंतूंना वाढू देत नाही. तो आंबट असतो. शिवाय मधमाशीचं एक विकर (एन्झाइम) त्यात असतं, पातळ झाल्यावर त्यातून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. तरी घरातला मध जखमेवर घालू नका, कितीही अस्सल असला तरी. त्यात मातीतल्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. काही जण तो उकळून घेतात; त्यानं ते विकर मरतं आणि बीजाणू मात्र तसेच राहतात. औषधी मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, तो ट्यूबमध्ये किंवा तयार पट्टीत मिळतो. जांबोटीचा मध चहात घाला, सोनं आहे ते. मधात हळद, चुना, तंबाखूची पूड कालवून लावणं तर नकोच नको.

डॉक्टरांनी हो म्हटलं तर औषधी मध गॉजवर पसरायचा, थेट जखमेवर ओतायचा नाही. १० बाय १० सेंटिमीटरच्या गॉजला साधारण २० मिली. वर पाणी शोषणारा जाड पॅड. पहिल्या दिवसांत जखम जास्त पाझरते, तेव्हा रोज बदलावं लागतं. थोडी आग होते. ती थांबतच नसेल तर धुऊन काढा. एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मुंग्यांची. पॅड गळका असला तर रात्री अंथरुणात रांग लागते. पट्टीच्या कडा नीट बंद करा आणि पायाखालची चादर रोज बदला. जखमेवरच्या मधानं शुगर वाढेल का, असं बरेच जण विचारतात. छोट्या जखमेतून अंगात फार थोडी जाते, पण मोठ्या खोल जखमेत तपासत राहा. मधमाशीची ॲलर्जी असेल तर नकोच.

तसं मधाचं जमेचं पारडं भाजलेल्या जखमांत जड आहे. १९९१ साली सोलापूरच्या मेडिकल कॉलेजातले सर्जन एम. सुब्रह्मण्यम यांचा १०४ भाजलेल्या रुग्णांवरचा अभ्यास ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत छापून आला होता. वरवर भाजलेल्या जखमा साध्या ड्रेसिंगपेक्षा मधानं काही दिवस लवकर भरतात, असं पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावरही दिसलं. पण भाजलेली ताजी कातडी आणि आठ महिन्यांचा घोटा यांत फार अंतर आहे.

ड्रेसिंग सुरू केल्यावर दर आठवड्याला स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक जखमेवर धरून पेनानं कडेची रेघ काढून ठेवा, वर तारीख घाला. चार आठवड्यांत जखम बरीच लहान झालेली दिसली नाही तर ती प्लास्टिकं घेऊन सर्जनकडे जा. कड फुगून वर आली असेल, फुलकोबीसारखी दिसत असेल, हात लावला की रक्त येत असेल, तर कडेचा तुकडा तपासायला पाठवायला सांगा. फार जुन्या जखमेत कधीकधी कॅन्सर होतो. ताप, गुडघ्याकडे चढणारी लाली किंवा काळं पडणं दिसलं तर चार आठवडे नाही, त्याच दिवशी.